जुनी वही मिटून नवी उघडतांना

कागदाची वही भरते. तिचें शेवटचें पान आलें, कीं ती मिटून दुसरी उघडणें भाग पडतें, आणि उघडतांना मागची शिल्लक ओढून आणावी लागते. शिल्लक ओढावयाची, तर ती आधीं नक्की झाली पाहिजे. म्हणून पेढीवरचा मुनीम दिवाळीपूर्वीं कित्येक रात्री जागून ताळा जुळवीत बसे, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून वहीपूजन होई. आजहि पुष्कळ दुकानांतून तें होतें. संगणकावरील जमाखर्चाच्या फायलीला मात्र शेवटचें पान नाहीं. एकदां उघडली, कीं ती वीस-वीस वर्षें चालते. तिला कोणी मिटा म्हणत नाहीं, आणि म्हणूनच तिचा ताळा जुळविण्याची वेळहि कोणावर येत नाहीं. अशा दीर्घकाल चाललेल्या घरगुती फायलीस विराम देऊन नव्यानें आरंभ केव्हां करावा, कसा करावा, आणि तसें करतांना काय हातचें सुटूं देऊं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या फायली ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्यांविषयीं प्रथम दोन शब्द. क्विकन हें अमेरिकेंतील नांव यांत बरेंच जुनें. तें काढणारी इंट्युइट कंपनी १९८३ सालीं स्थापन झाली. मायक्रोसॉफ्टचें 'मनी' हें त्याचें कित्येक वर्षें प्रतिस्पर्धी होतें. ग्नूकॅश हें तिसरें. त्याची पहिली पक्की आवृत्ति १९९८ सालीं निघाली, तें विनामूल्य मिळतें, आणि त्याची सारी घडण दुहेरी नोंदीवर उभी आहे. म्हणजे कोणतीहि रक्कम एका खात्यांत जमा, तर दुसऱ्यांत नांवें पडल्यावांचून तेथें राहूंच शकत नाहीं. आपल्या पेढीवरच्या खतावणीशीं त्याची जात जुळते, यास्तव पुढें उदाहरण त्याचेंच घेतों. इतर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीं नांवें बदलून घ्यावीं. व्यवहार तोच आहे.

फाईल जुनी होते, म्हणजे नेमकें काय होतें? २००५ सालीं आरंभ केलेल्या एखाद्या फायलीची कल्पना करा. त्या वेळीं घरांत एक पगार, दोन बँकांतील खातीं, एक भविष्यनिर्वाहनिधि आणि खर्चाचीं दहा-बारा खातीं. रोखीचा हिशेब सोपा असे. महिन्याच्या आरंभीं पैसे काढले, ते 'बाजार' या एका खात्यावर टाकले, कीं काम संपलें. पुढें २०१६ सालीं पांचशें व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, आणि त्याच वर्षीं यूपीआय सुरू झालें. हळूहळू चहाचे दहा रुपये आणि कोथिंबिरीचे पंधरा रुपयेहि थेट बँकेंतून जाऊं लागले. जेथें महिन्यास वीसपंचवीस नोंदी होत तेथें शेंदीडशें होऊं लागल्या. मध्यंतरीं बँका एकमेकींत मिळाल्या. देना आणि विजया या बँका १ एप्रिल २०१९ रोजीं बँक ऑफ बडोदांत विलीन झाल्या. सिंडिकेट बँक पुढच्या वर्षीं त्याच तारखेस कॅनरा बँकेंत गेली. फायलींत मात्र 'देना बँक' हें खातें तसेंच उभें असतें, आणि तीनशें सतरा रुपयांची शिल्लक दाखवीत राहतें. ती रक्कम कोठें गेली, हें घरांत कोणासहि सांगतां येत नाहीं. किराणा एके ठिकाणीं 'किराणा', दुसऱ्या ठिकाणीं 'वाणी', आणि मुलीनें नोंदी केल्या त्या वर्षीं 'ग्रोसरी'. बँकेचें विवरण आपोआप उतरवून घेण्याची जी सोय असते, तिनें एकच व्यवहार दोनदां आंत आलेला असतो.

ग्नूकॅशमध्यें या रोगाची नाडी पाहण्यास एक जागा आहे. ज्या नोंदीची दुसरी बाजू कोणी भरली नाहीं, ती तें आपण होऊन 'इम्बॅलन्स' नांवाच्या खात्यांत टाकतें. तें खातें उघडून पहावें. त्यांत पांचसात नोंदी असतील, तर एका संध्याकाळीं त्या जागच्या जागीं लावतां येतील. तेथें शेंकड्यांनीं नोंदी असतील, तर हिशेब नांवापुरताच उरला आहे असें समजावें.

तरीपण, केवळ फाईल मोठी झाली एवढ्यानें ती सोडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. ग्नूकॅश सर्व नोंदी एकदम संगणकाच्या स्मृतींत घेतें, म्हणून जुनी फाईल उघडण्यास कांहींसा वेळ लागतो हें खरें. पण एका कुटुंबाच्या वीस वर्षांच्या नोंदी आजच्या संगणकास जड नाहींत. बंद पडलेलीं खातीं डोळ्यांआड करतां येतात. 'वाणी' हें खातें काढून टाकतांना त्यांतील नोंदी 'किराण्यां'त घालाव्या काय, असें तें सॉफ्टवेअरच विचारतें. अशा झाडलोटीनें भागत असेल तर तेवढेंच करावें. वीस वर्षांचा सलग हिशेब ही लहान ठेव नव्हे. नवा आरंभ करावा तो आंकड्यांवरचा विश्वास उडाला असेल तेव्हां, किंवा ज्या सॉफ्टवेअरवर फाईल चालते तेंच अखेरच्या घटका मोजीत असेल तेव्हां.

तारीख कोणती धरावी? गुढीपाडव्याचा मोह होईल, आणि तो दिवस बहुधा जवळपासच असतो. परंतु १ एप्रिल हीच तारीख सोयीची. पूर्वीं दिवाळी ते दिवाळी असें वर्ष धरूनहि व्यापाऱ्यास आयकराचा हिशेब देतां येई. १९८९ पासून सर्वांस १ एप्रिल ते ३१ मार्च हेंच वर्ष लागू झालें. व्याजाचे दाखले, गृहकर्जाचें विवरण, म्युच्युअल फंडांचे उतारे, हीं सारीं ३१ मार्चपाशीं थांबतात. मुहूर्त पाहून मधलीच तारीख घेतली, तर यांपैकीं एकहि कागद आपल्या शिलकेस साक्ष देणार नाहीं.

आतां मुख्य कामाकडे वळूं. १४९४ सालीं व्हेनिस येथें लुका पाचोली या धर्मगुरूचा गणितावरचा जो मोठा ग्रंथ छापला गेला, त्यांत दुहेरी नोंदीचें विवेचन आहे. व्यापाऱ्यानें हिशेब आरंभण्यापूर्वीं काय करावें, याचा त्यांत प्रथम विचार केला आहे, आणि त्याचें उत्तर असें: आपल्यापाशीं काय काय आहे व आपण कोणाचें काय देणें लागतों, याची एक याद करावी. वही मागाहून. फाईल नव्यानें सुरू करणाऱ्यानेंहि संगणकापाशीं बसण्यापूर्वीं हीच याद कागदावर करावी, आणि ती जुन्या फायलीवरून न करतां मूळ कागदांवरून करावी. बँकेची शिल्लक बँकेच्या विवरणावरून, कर्जाची बाकी बँकेच्या दाखल्यावरून, मुदतठेवी पावत्यांवरून, भाग डीमॅटच्या उताऱ्यावरून. आणि रोख रक्कम पाकीट व कपाट उघडून प्रत्यक्ष मोजून. जुनी फाईल व हे कागद यांत अंतर निघेल. तें कितीहि असलें तरी नव्या फायलींत कागदावरचा आंकडा जावा. अंतर किती होतें, तें जुन्या फायलींतच ३१ मार्चच्या तारखेनें 'ताळ्यांतील फरक' अशा एका नोंदीनें लिहून ठेवावें. २०११ सालच्या दोनशें बारा रुपयांच्या शोधांत रविवार घालविणारे गृहस्थ असतात; त्यांच्या चिकाटीचें कौतुक करावें, अनुकरण करूं नये.

प्रत्यक्ष कृति फारशी अवघड नाहीं. जुन्या फायलीची प्रत काढून बाजूस ठेवावी. मग 'एक्स्पोर्ट अकाउंट्स' ही आज्ञा दिली, कीं खात्यांचा सगळा सांगाडा एका नव्या फायलींत उतरतो. नोंद मात्र एकहि येत नाहीं. त्यांतील मेलेलीं व दुबार खातीं येथेंच काढावीं. नंतर यादींतील एकेक शिल्लक त्या त्या खात्यांत घालावी आणि तिची दुसरी बाजू 'ओपनिंग बॅलन्सेस' म्हणजे आरंभीची शिल्लक या खात्यावर टाकावी. मिळकतीचीं व खर्चाचीं खातीं शून्यापासून सुरू होतात. दरमहाचे हप्ते, विम्याचे हप्ते यांच्या ज्या ठरीव नोंदी जुन्या फायलींत आपोआप पडत, त्या या सांगाड्याबरोबर येत नाहींत. त्या पुन्हा बसवाव्या लागतात, आणि हें बहुधा मे महिन्यांत लक्षांत येतें.

दोन ठिकाणीं मात्र जरा जपावें. मार्चमध्यें दिलेला चेक ३१ तारखेपर्यंत वटला नसेल, तर बँकेच्या विवरणांतील शिल्लक तेवढी फुगलेली दिसते. तो चेक नव्या फायलींत स्वतंत्र लिहावा, पण त्याची दुसरी बाजू खर्चावर न टाकतां आरंभीच्या शिलकेवर टाकावी. खर्च गतवर्षींच नोंदला गेला आहे. क्रेडिट कार्डाचेंहि तसेंच. मार्चअखेरची बाकी हें देणें म्हणून आणावें, आणि एप्रिलांत बिल भरलें म्हणजे तें देणें फिटलें इतकेंच. तें खर्चांत धरलें, तर मार्चमधील खरेदी दोन वर्षांत दोनदां झाली असें होईल.

येथवर सगळें आंकड्यांचें झालें. परंतु शिल्लक हा एकच आंकडा जेथें पुरत नाहीं, अशीं कांहीं खातीं असतात, आणि नव्या आरंभांत खरें नुकसान होतें तें तेथें. किराण्याचा २०१२ सालचा खर्च संपला. तो जुन्या फायलींतच निजूं द्यावा. पण जी वस्तु अद्याप आपल्याजवळ आहे आणि पुढें कधीं तरी विकली जाणार आहे, तिचा जुना इतिहास संपलेला नसतो. आज तिची किंमत किती, एवढें लिहून भागत नाहीं. ती केव्हां घेतली व केवढ्यास घेतली, हें विक्रीच्या दिवशीं विचारलें जातें.

भागांचें उदाहरण घेऊं. २०१७ सालीं एखाद्यानें एचडीएफसी या गृहकर्ज कंपनीचे २५ भाग दर भागास १,६८० रुपये देऊन घेतले. एकूण ४२,००० रुपये. १ जुलै २०२३ रोजीं ती कंपनी एचडीएफसी बँकेंत विलीन झाली आणि दर २५ भागांमागें बँकेचे ४२ भाग मिळाले. भाग बदलले तरी खरेदीची तारीख व खरेदीची रक्कम तीच राहिली. फक्त दर भागाची किंमत आतां १,००० रुपये पडली. पुढें २०२५ च्या ऑगस्टांत बँकेनें एकास एक बोनस भाग दिला. आज डीमॅटच्या उताऱ्यांत दिसतात ते ८४ भाग. हे गृहस्थ नवी फाईल उघडून '८४ भाग, आजचा बाजारभाव इतका' असें एका ओळींत लिहितील, तर ती ओळ बेरजेस बरोबर असेल आणि तरीहि निरुपयोगी असेल. खरी नोंद दोन ओळींची आहे: ४२ भाग, २०१७ सालची तारीख, ४२,००० रुपये, आणि ४२ भाग, ऑगस्ट २०२५, किंमत शून्य. आयकराच्या दृष्टीनें हे दोन निरनिराळे गठ्ठे आहेत. शिवाय नोंदणीकृत कंपनीचे जे भाग ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले असतील, त्यांच्या नफ्याच्या हिशेबांत त्या दिवसाचा भाव नियमाप्रमाणें विचारांत घेतां येतो. २०१७ ही तारीखच जर नव्या फायलींत आली नाहीं, तर हा लाभ आपणांस आहे हें तरी आठवणार कसें? म्हणून भाग व फंडांचीं युनिटें यांच्या ओळी मूळ तारखांनिशीं नव्या फायलींत घालाव्या आणि दुसरी बाजू आरंभीच्या शिलकेवर टाकावी. १ एप्रिलपूर्वींच्या तारखा नव्या फायलींत पाहून विचित्र वाटेल. वाटूं द्यावें.

राहत्या घरासहि हेंच लागू आहे. करारांतील किंमत दस्तांत सांपडते. पण मुद्रांकशुल्क, नोंदणी, दलाली, आणि नंतर एक खोली वाढविली किंवा गच्ची बंदिस्त केली तिचा खर्च, या रकमा जुन्या फायलींत विखुरलेल्या असतात. घर विकतांना त्या मूळ किंमतींत मिळवितां येतात. रंगरंगोटीचा खर्च मिळवितां येत नाहीं. फाईल बदलण्याच्या आधीं या नोंदी हुडकून घराच्या खात्यावर एकत्र आणाव्या, आणि त्यांच्या पावत्या कोणत्या कपाटांत आहेत तेंहि तेथेंच लिहावें.

आतां एक नाजूक गोष्ट. बहुतेक जुन्या फायलींत 'उसनवार' असें एक खातें असतें. धाकट्या भावास २०१४ सालीं धंद्यासाठीं दिलेले साठ हजार, मोलकरणीच्या मुलाच्या फीचे आठ हजार, शेजाऱ्यांस दवाखान्याच्या वेळीं दिलेले पांच हजार. फाईल चालू असते तोंवर हीं खातीं खालीं कोठें तरी पडून असतात. कोणी तीं मागत नाहीं आणि कोणी सोडूनहि देत नाहीं. नवी फाईल उघडतांना मात्र प्रत्येक रकमेपाशीं थांबून ठरवावें लागतें: ही येणी म्हणून पुढें न्यावयाची, कीं बुडीत खातीं टाकून येथेंच संपवावयाची? सॉफ्टवेअर यांत कांहीं सांगत नाहीं, आणि सांगूंहि नये. पुढें नेली, तर घराची मालमत्ता साठ हजारांनीं अधिक दिसेल, आणि उद्यां मुलांच्या हातीं ही फाईल पडली तर तीं काकांकडे तो आंकडा घेऊन जातील. सोडली, तर ती खरोखरच सोडली पाहिजे. पतिपत्नींनीं एकत्र बसून हा निर्णय घ्यावा, आणि कांहीं ठिकाणीं त्या भावालाहि एकदां विचारावें. जुन्या पेढ्यांवर बुडीत रक्कम लिहिण्यासाठीं मालकाची संमति घ्यावी लागे, त्यांत शहाणपण होतें.

सर्व शिलका घालून झाल्या म्हणजे दोन्ही फायलींचें ताळेबंद पत्रक १ एप्रिलच्या सकाळचें समजून छापून घ्यावें आणि शेजारीं शेजारीं ठेवावें. जुन्या फायलींत फरकाच्या नोंदी केलेल्या असल्यामुळें, आणि बुडीत टाकलेलें तेथेंच टाकल्यामुळें, दोहोंची निव्वळ मालमत्ता पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुळली नाहीं तर बहुधा न वटलेला चेक तरी राहिला असतो किंवा कर्जाची बाकी चुकीच्या बाजूस पडलेली असते. पाचोलीनें वह्या पडताळण्याची जी रीत सांगितली, तींत माणसें दोन लागतात. एकाच्या हातीं एक वही, दुसऱ्याच्या हातीं दुसरी, आणि एकेक रकम वाचून खूण करावयाची. घरांतहि हें काम दोघांनींच करावें. बहुतेक घरांत ही फाईल एकच व्यक्ति सांभाळते. त्या व्यक्तीस कांहीं झालें तर उरलेल्यांस ठेवी कोठें आहेत, विम्याचा हप्ता कोणत्या खात्यांतून जातो, याचा पत्ता नसतो. एक संध्याकाळ आंकडे वाचून खुणा करण्यांत गेली, म्हणजे दुसऱ्या माणसास सगळ्या खात्यांचीं नांवें निदान एकदां तरी डोळ्यांखालून गेलेलीं असतात.

जुन्या फायलीचें काय करावें? ती पुसूं नये, हें सांगावयास नको. पण नुसती ठेवल्यानेंहि ती टिकतेच असें नाहीं. मायक्रोसॉफ्टनें 'मनी'ची विक्री २००९ सालीं बंद केली. पुढच्या वर्षीं, जुन्या ग्राहकांस आपल्या फायली उघडतां याव्या म्हणून एक अखेरची विनामूल्य आवृत्ति दिली, आणि तिचें नांवच 'सनसेट', म्हणजे सूर्यास्त, असें ठेवलें. मिंट नांवाची सेवा अमेरिकेंत लोकप्रिय होती; तिचा हिशेब वापरणाऱ्याच्या संगणकावर नसून त्या कंपनीकडेच असे, आणि २०२४ च्या मार्चमध्यें ती बंद झाली. तेव्हां फाईल ज्या रूपांत आहे त्या रूपांत ठेवाच, पण तिच्यांतील सर्व नोंदी साध्या सीएसव्ही तक्त्यांतहि उतरवून ठेवा, कारण असा तक्ता कोणत्याहि संगणकावर वाचतां येतो. भाग, घर आणि कर्ज या तीन खात्यांचे उतारे कागदावर छापून दस्तांच्या पिशवींत घाला. ग्नूकॅश फायलीस स्वतः कुलूप लावीत नाहीं. कुलूप असतें तें संगणकास. त्याचा परवलीचा शब्द, फाईल कोठें आहे तें ठिकाण, आणि जुनी फाईल कोणत्या तारखेस थांबते व नवी कोणत्या तारखेस सुरू होते, एवढें एका पाकिटांत लिहून तें त्याच पिशवींत असावें.

एप्रिलभर दोन्ही फायली हाताशीं ठेवाव्या, परंतु लिहावें फक्त नव्या फायलींत. महिनाअखेर बँकेचें विवरण आलें, कीं त्याच्याशीं नव्या फायलीचा मेळ घालावा. तो जमला म्हणजे जुन्या फायलीस 'केवळ वाचनार्थ' असें बंधन घालून ती मिटावी.